गरम झाली की बंद पडणारी बुलेट: दोष कार्बुरेटरचा नव्हता

बाबांची पॉइंटवाली (म्हणजे प्लगला ठिणगी मिळावी म्हणून करंट तोडणारे छोटे संपर्क असलेली) जुनी बुलेट सकाळी एका किकमध्ये चालू व्हायची पण दहा-पंधरा मिनिटांत गरम झाली की बंद, थंड झाली की परत चालू, मी कार्बुरेटरच्याच मागे लागलो, तीनदा खोलला, पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) खरंच चोंदलेला होता, साफ केल्यावर आयडलिंग मस्त झालं पण बंद पडणं काही थांबेना. शेवटी रात्री अंधारात, इंजिन गरम आणि चालू असतानाच पॉइंटचं झाकण काढून बघितलं तर पॉइंटमध्येच निळी-पांढरी मोठी ठिणगी! म्हणजे पॉइंटवर अशी ठिणगी उडू न देणारा कंडेन्सर गेलेला. नवीन टाकला, काळे पडलेले पॉइंट घासून गॅप ०.३५ ते ०.४० मिमीमध्ये ठेवला, गंजलेली अर्थिंगची वायरही घट्ट केली. काल बाबांना मागे बसवून सासवडला जाऊन आलो, एकदाही बंद पडली नाही, फार बरं वाटलं.