मोबाईलनं माणसांचे फोटो काढताना या चुका टाळा

बेळगावच्या वडगावात एका विणकराच्या मागाच्या खोलीत मी काढलेल्या पहिल्या वीसेक फोटोंवर आडवे काळे पट्टे आले. वाटलं, फोन गेला. फोन चांगला होता, घोळ दिव्याचा होता. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी बल्ब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही. मोबाईलचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, मात्र चित्र एकेक ओळ करून वाचतो. शटर फार वेगात असलं, म्हणजे उजेड घ्यायला फार कमी वेळ दिला, की काही ओळी उजेडात सापडतात, काही अंधारात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (तिथं हे आकडे आपल्या हातानं ठरवता येतात) शटर 1/100 किंवा 1/50 सेकंदावर आणा, पट्टे जातात. आडवा धागा नेणारा धावता धोटा पुसट येईल, येऊ दे. माग चालू आहे हे त्यावरूनच कळतं.

ही अक्कल मला नंतर आली. त्या दिवशी उपाय विणकर मामांनीच केला. माझी खटपट बघून ते उठले, लाईट घालवली, मागचं दार उघडलं. "सुताचा रंग आमी दारातच बघतो. बल्बात फसतंय." दारातून तिरका उजेड ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, पडला आणि एकेक धागा वेगळा दिसायला लागला. मी आल्या आल्या फोन वर धरला होता, दोन शब्द बोललो असतो तर वीस फोटो वाया गेले नसते.

पावसाळ्यात राजहंसगडावर जाणाऱ्यांची ठरलेली तक्रार म्हणजे फोटो धुरकट. एसी गाडीत गार झालेला फोन बाहेरच्या दमट हवेत काढला की काचेवर बाष्प धरतं. शर्टाच्या टोकानं पुसत बसू नका, चरे पडू शकतात आणि बाष्प परत धरतं. उतरायच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करा. धुकं खरंच असेल तर मात्र त्याला इलाज नाही, चहा घ्या.

खानापूरकडं रोपलावणीच्या दिवसात काळ्या म्हशीचा फोटो काढलात तर म्हैस राखाडी येते, मागचं आभाळ पांढरंफेक. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो. काळं दिसलं की उजेड वाढवतो, पांढरं दिसलं की कमी करतो. म्हशीवर बोट टेकवा आणि पडद्यावर येणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढा. पांढरा फेटा किंवा धोतर असेल तर उलट, वर ओढा.

चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन काढू नका, नाक मोठं येतं. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. चार पावलं मागं या, मग दोनपट झूम करा.

आणि विचारा. गणपत गल्लीत भाजी घेऊन बसलेल्या मावशींना मराठीत विचारलं आणि त्या नुसत्याच बघत राहिल्या, तर "फोटो तेगीलेन्री?" (फोटो काढू का?) एवढं कानडी आपल्याला यायलाच हवं. नको म्हणाल्या तर कोथिंबीर घ्या आणि पुढं चला. लांबून झूम करून चोरून काढलेल्या फोटोत माणूस बहुतेक वेळा वैतागलेलाच दिसतो, असा माझा अनुभव आहे.

सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी वर्षानुवर्षं केली, म्हणजे फोटो परत न देणं. एका आजीनं रस्त्यात अडवून विचारलं, "फोटू काढलास खरं, देणार कवा?" व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ज्यांच्याकडं तसला फोन नाही त्यांना चार बाय सहाची प्रिंट द्या, कटिंग चहाच्या आसपासच खर्च येतो.

मामांची प्रिंट घेऊन मी पंधरा दिवसांनी गेलो. त्यांनी ती दारात नेली, चष्मा वर केला. स्वतःच्या चेहऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ताण्यावर बोट ठेवून म्हणाले, "हितं धागा तुटलाय बघ. तवा दिसला नव्हता."