वायपरची मोटर आणि लिंकेज बदलताय? या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

आपल्या सोलापुरात वायपर वर्षातले सात-आठ महिने नुसता काचेवर पडून असतो. वरून चाळीसच्या पुढचं ऊन, धूळ, त्यात गाडी लिंबाच्या झाडाखाली, आणि मग सप्टेंबरात पाऊस एकदम धरला की त्याची आठवण येते. माझा तुळजापूरहून येताना बंद पडला. मोटरचा घूंऽऽ आवाज येतोय, ड्रायव्हर साइडचा वायपर मस्त चाललाय आणि डावीकडचा मेल्यासारखा पडलाय.

मी काय केलं, सरळ नवीन मोटर आणली. अरे, आवाज येतोय, एक वायपर हलतोय म्हणजे मोटर जिवंत आहे की! लिंकेजच्या (म्हणजे मोटरची फिरकी दोन्ही वायपरपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या) एका दांडीचा प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे बॉलवर बसणारी वाटी, झिजून ती दांडी बॉलवरून निसटली होती, एवढंच. तेव्हा आधी कान लावा. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, कनेक्टर आणि अर्थिंग बघा, कनेक्टरला १२ व्होल्टच्या आसपास येतायत आणि अर्थिंग चांगलं आहे तरी मोटर गप्प, मगच मोटरवर संशय घ्या. बंद केल्यावर वायपर खाली न येता मधेच थांबत असतील तर बहुतेक वेळा मोटरमधला पार्क स्विच (वायपर खाली आणून थांबवणारा) गेलेला असतो. आणि हळू चालत असतील तर दांडी मोटरपासून सोडून लिंकेज हाताने हलवून बघा, जड लागली की समजायचं पिव्हट, म्हणजे वायपरचे हात ज्यावर बसून फिरतात ते खुंटे, गंजलेत, नवीन मोटर टाकली तरी तीपण दमणार.

आता खोलायचं. वायपरचे हात काढण्याआधी ब्लेड जिथे टेकतंय तिथे काचेवर टेप चिकटवा, नाहीतर नंतर अंदाजपंचे. हाताचा नट सोडला तरी तो हात पिव्हटच्या दातऱ्यावर जाम बसलेला असतो, तिथे हातोडी मारायची नाही आणि स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं तर अजिबात नाही, खालची काच किंवा काऊल (काचेच्या खालच्या कडेचं प्लॅस्टिकचं झाकण) फुटते. गंजावरचा स्प्रे मारा, चहा पिऊन या, मग वायपरचा हात उभा करून डावी-उजवीकडे हलवत काढा, नाहीच निघाला तर पुलर (ओढून काढायचं हत्यार). काचेवर जुनी सोलापुरी चादर दुहेरी घडी करून टाका, कारण ब्लेड काढलेला हात स्प्रिंगने सटकन खाली आला तर काचेला तडा. चादर आपल्याकडे घरोघरी असते, त्याला काय पैसे पडतात.

काऊलच्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात, दोन-चार तुटणारच, आधीच जादा आणून ठेवा.

बॅटरीची निगेटिव्ह मात्र काढाच हो. मी काढली नव्हती, भाच्याला आत बसवलेलं, माझी बोटं लिंकेजमध्ये आणि हा विचारतोय "मामा, लावू का?" मी "थांब" म्हणायच्या आत त्याने स्टीअरिंगजवळचा वायपरचा दांडा खाली केला. नख काळं पडलं, तेवढ्यावर भागलं. मोटरच्या आत गिअर असतो, ती दिसायला लहान पण ताकद लय.

सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ती गोष्ट म्हणजे पार्क पोझिशन, बंद केल्यावर वायपर खाली येऊन थांबतात ती जागा. नवीन मोटर डब्यातून कुठल्याही पोझिशनला थांबलेली निघू शकते. ती तशीच बसवून दांडी घट्ट केली की वायपर भलतीकडेच झाडायला लागतात, एक काचेबाहेर, कडेच्या खांबावर आपटतो नाहीतर दोघं एकमेकांत अडकतात. म्हणून जुन्या मोटरवर दांडी कुठल्या कोनात आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. नवीन मोटर नुसती कनेक्टरला जोडा, बॅटरी लावून एकदा चालू करा, मग दांड्याने बंद करा, चावीने नाही, चावी फिरवली तर जिथे असेल तिथेच थांबेल. ती स्वतः पार्कला येऊन थांबली की बॅटरी परत काढा आणि फोटोसारखी दांडी बसवा. लिंकेज बसवून पुन्हा एकदा वायपरचे हात न लावता चालवून बंद करा, आणि मग टेपच्या खुणेवर ते हात बसवा. पहिली ट्रायल ओल्या काचेवर, स्लो स्पीडला.

काऊल उघडलंच आहे तर पाणी निघायचं भोक साफ करा. माझ्या भोकातून मूठभर लिंबाचा पाला निघाला, पिव्हट गंजण्याचं कारण तेच, पाणी आत तुंबून राहायचं.

माझी जुनी मोटर अजून माळ्यावर आहे. परवा बॅटरीला लावून बघितली, झकास फिरते.