जोडीदाराकडे बी.एड. नसताना दोघांनी मिळून परदेशी शिकवायला कसं जावं

बी.एड. माझं, बी.कॉम. नवऱ्याचं. मी विश्रामबागेतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि हे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दप्तर सांभाळत होते. परदेशी शाळेत नोकरी धरायची ठरल्यावर आम्ही सगळा जोर माझ्या अर्जावर लावला. ह्यांचं काय ते तिथे गेल्यावर बघू, म्हणून सोडून दिलं. त्यापायी आठ महिने मी अबू धाबीत आणि हे सांगलीत, असे दिवस काढले. आता आपल्याकडचं कुणी जोडपं विचारायला आलं की मी उलट्या टोकाकडून सुरुवात करायला सांगते. ज्याच्याकडे शिकवण्याची पात्रता नाही त्याचा विचार आधी करा आणि देश त्यावरून निवडा.

देश निवडताना

शिक्षकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला बहुतेक देश 'डिपेंडंट' म्हणजे आश्रिताचा व्हिसा देतात. त्या व्हिसावर कमावता येतं का, हे मात्र देशागणिक बदलतं. चीनमध्ये त्यावर नोकरी करता येत नाही. जपानमध्ये परवानगी काढली तर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी देणाऱ्याने वर्क परमिट काढलं की आश्रित जोडीदार काम करू शकतो, आणि २०१९ पासून ही सोय बायकोच्या व्हिसावर राहणाऱ्या नवऱ्यांनाही आहे. जोडीदाराला घरी बसवणार नाही असा तुमचा निश्चय असेल, तर यादीतले निम्मे देश इथेच गळतील. गळू द्या.

दुसरी चाळणी तुमच्या स्वतःच्या पासपोर्टची. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका मुख्यतः या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. जपानमध्ये सहायक शिक्षक म्हणून इंग्रजी शिकवायचं तर १२ वर्षं इंग्रजीतून शिक्षण झालेलं लागतं. म्हणजे माझ्यासारखी तासगावच्या मराठी शाळेत दहावी झालेली बाई, पुढे इंग्रजीत एम.ए. केलं तरी, तिथे अडते. थायलंडमध्ये आपल्यासारख्यांकडून इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. आयईएलटीएस देणार असाल तर त्याचा निकाल दोनच वर्षं धरला जातो, त्यामुळे फार आधी देऊन ठेवू नका.

पदवी आणि बी.एड. असलेल्या आपल्या लोकांना सर्वांत सरळ वाट आखातातल्या भारतीय शाळांची आहे. अमिरातीत सीबीएसईच्या पुष्कळ शाळा आहेत. त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून भरतीची धावपळ जानेवारीपासून असते. दिवाळीच्या सुट्टीत कागद गोळा करायला बसलात तर वेळेत गाठाल.

जोडीदाराने शिकवायचं की दुसरं काही?

हा प्रश्न ज्याचा त्याला विचारा. 'तूही एखादा कोर्स कर आणि शिकव' असं परस्पर ठरवू नका. वर्गासमोर उभं राहायची मनापासून आवड नसलेल्या माणसाला केवळ व्हिसासाठी शिक्षक करणं मला पटत नाही. त्यात त्याचेही हाल आणि मुलांचंही नुकसान.

आवड असेल तर दोन रस्ते आहेत. बी.एड. दोन वर्षांचं, आणि प्रवेशाला पदवीत साधारण ५० टक्के लागतात. शाळेत शिकवायचं तर हाच खरा रस्ता. दुसरा रस्ता केंब्रिजच्या सेल्टाचा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्र कोर्सचा. तो पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवड्यांत होतो, पदवी नसली तरी प्रवेश मिळू शकतो, आणि त्यात प्रत्यक्ष विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावं लागतं, तेही परीक्षकांच्या नजरेखाली. पण तो प्रौढांना शिकवण्यासाठी आहे. भाषेच्या खासगी वर्गांत त्याला किंमत आहे, शाळेत तो बी.एड.ची जागा घेत नाही. शनिवार-रविवारी घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नका. टीईएफएल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र) करायचंच तर किमान १२० तासांचं करा. आणि विकतची पदवी दाखवायचा विचार मनातही आणू नका. पडताळणीचं पत्र थेट विद्यापीठाकडून मागवतात.

शिकवायचं नसेल तर शाळेतच इतर कामं असतात: फी काउंटर, हिशेब, ग्रंथालय, प्रयोगशाळा, बसची व्यवस्था. आमच्या ह्यांना टॅली येत होतं. अमिरातीत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. त्याची विवरणपत्रं कशी भरतात ते ह्यांनी सांगलीत असतानाच, रात्री दुकान बंद झाल्यावर बसून शिकून घेतलं. पुढे एका शाळेच्या हिशेब विभागात जागा मिळाली ती त्याच जोरावर. आपल्या माणसाला आज जे येतं, त्याला तिथल्या गरजेची एक जोड द्या.

नावं आधी जुळवा

इथे आपल्या मराठी घरांची खास अडचण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. बाईच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आधी माहेरचं आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पदवीवरही तेच. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मध्ये नवऱ्याचं नाव. त्यात लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलेलं असेल, तर पहिलं नावही वेगळं. परदेशी कारकुनाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बाया असतात.

लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्ट अजून काढला नसेल तर पदवीवरचंच नाव ठेवा, जोडीदाराचं नाव वेगळ्या रकान्यात येतं. नाव आधीच बदललं असेल तर शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्या आणि ते पान प्रत्येक अर्जाला जोडा.

मग विवाह नोंदणीचा दाखला. हाच कागद जोडीदाराचा व्हिसा आणतो, त्यामुळे तो तुमच्या पदवीइतकाच महत्त्वाचा आहे. पत्रिका आणि फोटोंवर भागत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात पालिकेत नोंद होते. आम्ही दाखला आणला आणि कपाटात ठेवला. सासऱ्यांचं नाव दत्तात्रय. दाखल्यावर त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'ए' होता, ह्यांच्या पासपोर्टवर नव्हता. ते लक्षात आलं तेव्हा मी अबू धाबीत होते आणि दुरुस्तीच्या अर्जावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. दाखला हातात पडला की कार्यालयातून बाहेर पडायच्या आत पासपोर्ट शेजारी धरून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.

शिक्के

आपले कागद परदेशात खरे धरले जावेत म्हणून त्यांवर एकामागून एक शिक्के घ्यावे लागतात. पदवी शिवाजी विद्यापीठाची असेल तर पहिली पडताळणी कोल्हापूरला. मग मुंबईत राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. ओमान, बहरीन, जपान, आणि २०२२ पासून सौदी, इथे मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का, पुरतं. त्याची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, बाकी जे हजारो मोजतो ते मध्यस्थांचे. अमिरातीला अपॉस्टिल चालत नाही. तिथे वकिलातीचा शिक्का आणि पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का लागतो. विवाहाचा दाखलाही याच वाटेने जातो, म्हणून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठाल तेव्हा दोन्ही कागद एकाच पिशवीत असू द्या. आम्ही फक्त माझे नेले होते.

मुलाखतीत विचारायचं

नोकरी हातची जाईल या भीतीने मी जोडीदाराचा विषय काढला नाही. करारावर सही झाल्यावर कळलं की शाळेची राहायची सोय म्हणजे चार शिक्षिकांत एक फ्लॅट. तिथे नवरा कसा राहणार? आणि स्वतःच्या नावावर घराचा भाडेकरार नसेल तर कुटुंबाचा व्हिसा पुढे सरकत नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीत, पगाराचं बोलणं निघालं की सरळ विचारा: घर कुटुंबासाठी आहे का, की भत्ता देता? जोडीदाराचं तिकीट आणि आरोग्य विमा कुणाकडे? उत्तर ईमेलवर घ्या. अमिरातीत कुटुंब आणायला महिना किमान ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि घर, असा नियम आहे. नियमात बसतं म्हणून घर चालतं असं नाही. दोघांना एकाच पगारात भाडं भरून किती उरतं ते कागदावर मांडा.

आधी तुमचा व्हिसा, मग घर, मग जोडीदार, असा क्रम असतो. परिवीक्षा (प्रोबेशन) सहा महिन्यांपर्यंत असू शकते. तेवढे दिवस जोडीदाराने इथली नोकरी सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एजंट

सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव शोधा. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. 'दोघंही व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. व्हिजिट व्हिसावर काम करताना पकडलं गेलं तर दंड आणि परतीचं तिकीट तुमच्या माथी पडतं. जोडीदार दहावी पास नसेल तर आखातात नोकरीला जाताना त्याला एमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी कामाला जायची सरकारी परवानगी) लागतो, हेही आधीच बघून ठेवा.

निघताना दोघांच्या सगळ्या कागदांचा एक झेरॉक्स संच घरी ठेवा आणि कुठला कागद कुठे आहे ते घरच्यांना दाखवून जा. ह्यांच्या व्हिसाच्या वेळी दाखल्याच्या मागच्या पानाचा फोटो तातडीने हवा होता आणि हे तेव्हा कामानिमित्त कोल्हापुरात होते. आईने तासगावच्या कपाटातून निळी फाइल काढली, शेजारच्या पोराकडून फोटो काढून घेतला, आणि दहा मिनिटांत तो माझ्या मोबाइलवर आला.