हिवाळी वाढदिवसाचा केक घरच्या घरी: बर्फ, देवदार आणि आत स्ट्रॉबेरी

डिसेंबर-जानेवारीत वाढदिवस असलेल्या मुलांना हमखास बर्फाचा केक हवा असतो. निळा-पांढरा, वर झाडं, शेजारी स्नोमॅन. बाहेरून मागवलेला असा केक बऱ्याचदा फाँडंटचा, म्हणजे साखरेची कणीक लाटून वर चढवलेला असतो. दिसायला सुबक, पण मुलं वरचा जाड गोड थर सोलून प्लेटच्या कडेला ठेवतात. घरी हाच केक फाँडंटशिवाय करता येतो आणि माझ्या मते जास्त छान दिसतो, कारण पडलेला बर्फ गुळगुळीत नसतोच. क्रीमचा खडबडीतपणा आणि त्यावर भुरभुरलेलं खोबरं यांत तो जास्त खरा वाटतो.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा: स्पंजसाठी लागणारं सगळं घरच्या तापमानाला आलेलं हवं आणि क्रीमशी संबंधित सगळं गारेगार हवं. या केकमधल्या बहुतेक तक्रारी हे उलटं झाल्यामुळे येतात.

इथे दिलेलं प्रमाण 7 इंची गोल टिनचं आहे. दहा-बारा जणांना पुरतो. काम दोन दिवसांत वाटून घ्या: आदल्या संध्याकाळी स्पंज, साखरपाणी आणि चॉकलेटचे स्नोफ्लेक, वाढदिवसाच्या सकाळी क्रीम आणि सजावट. एकाच दिवसात उरकायला गेलात तर स्पंज पुरता गार होत नाही आणि त्यावर लावलेलं क्रीम घसरतं.

स्पंज (अंड्याशिवाय)

दीड कप मैदा (साधारण 190 ग्रॅम), 1 कप घट्ट दही, पाऊण कप साखर, अर्धा कप बिनवासाचं तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, 1 चमचा व्हॅनिला इसेन्स, चिमूटभर मीठ. इथला चमचा म्हणजे मोजमापाच्या संचातला 5 मिलीचा चमचा, पोह्यांचा नव्हे. क्रीम गोड असणार आहे, म्हणून साखर मुद्दाम कमी धरली आहे.

दही तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. थंडीत दही उशिरा लागतं आणि पुष्कळदा गोडसर राहतं. एरवी ते खायला उत्तम, पण इथे सोड्याला आंबटपणा लागतो. सोडा आणि दह्यातलं आम्ल एकत्र आलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्यानेच स्पंज फुगतो. दही अगदीच गोड वाटलं तर त्यात चमचाभर लिंबाचा रस घाला.

टिनला तेलाचा हात लावून तळाला बटर पेपर बसवा. ओव्हन किंवा ओटीजी 180 अंशांवर 15 मिनिटं तापवत ठेवा. मैदा आणि मीठ दोनदा चाळून घ्या.

मोठ्या भांड्यात दही आणि साखर एकत्र करून साखर पूर्ण विरघळेपर्यंत फेटा. गार दह्यात साखर विरघळत नाही आणि तिचे कण स्पंजच्या पृष्ठभागावर ठिपक्यांसारखे दिसतात. आता बेकिंग पावडर आणि सोडा घालून ढवळा आणि पाच मिनिटं हात लावू नका. मिश्रणावर बुडबुडे येऊन ते वर चढायला लागेल. बुडबुडे आलेच नाहीत तर सोडा जुना आहे किंवा दही आंबट नाही, आणि हे ओव्हनमध्ये घालण्याआधी कळलेलं बरं. मग तेल आणि इसेन्स घालून नीट एकजीव करा. मैदा तीन वेळा थोडा थोडा घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. फेटत राहिलात तर मैद्यातलं ग्लूटेन ताणलं जातं आणि स्पंज चिवट होतो. मिश्रण साधारण भज्याच्या पिठाइतकं दाट दिसायला हवं.

टिन दोनदा ओट्यावर हलकेच आपटा आणि लगेच ओव्हनमध्ये मधल्या जाळीवर ठेवा. 35 ते 40 मिनिटं लागतात. पहिली 25 मिनिटं दार उघडू नका. मध्यभागी टोचलेली टूथपिक कोरडी बाहेर आली की केक झाला. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या कढईत मिठाचा थर, त्यावर तिवई, वर घट्ट झाकण अशी व्यवस्था करा. कढई दहा मिनिटं तापवून घेतली की मंद आचेवर 45 ते 50 मिनिटांत केक होतो. वरून फारसा रंग येत नाही, पण सगळं क्रीमखाली झाकलं जाणार असल्यामुळे बिघडत नाही.

दहा मिनिटांनी टिनमधून काढा, जाळीवर पूर्ण गार करा, क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गार स्पंज कापताना चुरा पडत नाही.

स्नोफ्लेक आणि नाव

स्पंज भाजला जात असताना हे काम होतं. 150 ग्रॅम व्हाइट कम्पाउंड (सजावटीसाठी मिळणारं पांढरं चॉकलेट) बारीक चिरून डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा. गॅस बंद करून, पाण्याच्या उरलेल्या वाफेवरच वितळवलं तर उत्तम, कारण पांढरं चॉकलेट फार लवकर करपतं. भांडं, चमचा, हात सगळं कोरडं हवं. पाण्याचा एक थेंबही गेला तर चॉकलेटच्या गुठळ्या होतात. कम्पाउंडच का घ्यायचं? त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, म्हणून टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक तापमानांना तापवणं-गार करणं) न करताही ते कडक आणि चकचकीत सेट होतं.

कागदावर पेन्सिलीने स्नोफ्लेक काढा, वर बटर पेपर ठेवा आणि पायपिंग बॅगचं अगदी छोटं टोक कापून रेषा गिरवा. फांद्या सहाच काढा. गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी रचनेत बसतात, म्हणून बर्फाच्या कणाला सहा बाजू असतात. सजावटीच्या दुकानात आठ फांद्यांचे प्लास्टिकचे स्नोफ्लेक सर्रास मिळतात, ते चुकीचे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने 1885 मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचं छायाचित्र टिपलं आणि पुढे आयुष्यभरात अशी पाच हजारांवर छायाचित्रं काढली. ती मुलांना जरूर दाखवा आणि त्यांतला एखादा नमुना त्यांनाच निवडू द्या.

मध्यावर चॉकलेट जरा जाड ठेवा, सगळ्या फांद्या तिथेच एकमेकींना धरतात. जितके स्नोफ्लेक लागणार आहेत त्याच्या दीडपट करा, कारण काही मोडणारच. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून सेट झाल्यावर स्नोफ्लेक ओढायचा नाही. तो तसाच ठेवून खालचा कागद हळूहळू सोडवत न्यायचा.

वाढदिवसाचं नावही असंच करा, फक्त डार्क कम्पाउंडमध्ये, म्हणजे पांढऱ्यावर उठून दिसेल. क्रीमवर थेट लिहिताना अक्षर चुकलं तर खरवडावं लागतं, कागदावर मात्र कितीही वेळा लिहिता येतं. आणि देवनागरीचा इथे फार मोठा फायदा होतो. आधी अक्षरं काढा, मग त्यांवरून जाडसर शिरोरेषा ओढा. सगळं नाव त्या रेषेला धरून एकसंध राहतं आणि अलगद उचलता येतं. अनुस्वार तेवढा सुटा पडतो, तो रेषेला टेकवूनच काढा.

क्रीम

इथे घाई करू नका. नेहमीच्या पॅकेटातलं फ्रेश क्रीम साधारण 25 टक्के फॅटचं असतं. ते कितीही फेटलं तरी केकला लावण्याइतकं उभं राहत नाही. फेटून उभं राहायला 30 टक्के किंवा त्याहून जास्त फॅट लागतं. दुधाचं व्हिपिंग क्रीम चवीला निर्विवाद सरस, पण उष्णतेत लवकर ढिलं पडतं. बर्फाच्या केकसाठी मी नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीमच सुचवेन. ते शुभ्र पांढरं असतं, आकार धरून ठेवतं आणि बहुतेक वेळा आधीच गोड केलेलं असतं, म्हणून साखर घालण्याआधी चाखून बघा.

साधारण 500 ग्रॅम लागेल. फ्रीझरमधला डबा आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते द्रव झालेलं असावं, पण हाताला अगदी गार लागावं. स्टीलचं भांडं आणि बीटरची पाती 15 मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. आधी मंद, मग मध्यम वेगावर फेटा. बीटर उचलल्यावर टोक उभं राहिलं आणि शेंडा किंचित कलला की पुरे. लावताना, पसरवताना ते आणखी घट्ट होत जातं. चुकून जास्त फेटलं जाऊन रवाळ दिसायला लागलं तर दोन-तीन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हाताने हलवा, बरंचसं सावरतं. यासाठी थोडं क्रीम आधीच बाजूला ठेवा.

थर लावणं

अर्धा कप पाण्यात पाव कप साखर उकळून केलेलं पाणी गार करून ठेवा. स्पंजचा फुगीर माथा दातेरी सुरीने कापून सपाट करा आणि तीन चकत्या करा. प्रत्येक चकतीवर साखरपाणी ब्रशने लावा, कडांना जरा जास्त. दह्याचा स्पंज मुळात ओलसर असतो, फार भिजवलात तर बसेल.

मध्ये स्ट्रॉबेरी घाला. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत बाजारात असते, म्हणजे या केकच्या अगदी वेळेवर. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. धुऊन, कापडावर पूर्ण कोरडी करून मगच चिरा. तिला आधी साखर लावू नका, पाणी सुटतं आणि क्रीम वाहायला लागतं. चकतीच्या कडेने क्रीमचं गोल कडं काढा आणि फोडी त्या कड्याच्या आत पसरा, म्हणजे बाहेरच्या पांढऱ्या थरावर लाल डाग फुटत नाहीत.

तिन्ही चकत्या रचून झाल्या की सगळ्या बाजूंनी क्रीमचा पातळ थर द्या आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. सुटा चुरा या थरात अडकतो.

निळा उजेड

आता मुख्य थर. चार मोठे चमचे क्रीम वेगळं काढून त्यात निळा जेल कलर टूथपिकच्या टोकाने लावा. खरंच टोकाएवढाच. रंग थोड्या वेळाने आणखी गडद होतो, म्हणून वाटतो त्यापेक्षा फिका ठेवा. दुधाच्या पिवळसर क्रीममध्ये किंवा बटरक्रीममध्ये निळा घातला तर तो हिरवट होतो. तसं दिसलं तर जांभळ्याचा एक कण त्याला ताळ्यावर आणतो.

केकच्या तळाशी बोटभर उंचीपर्यंत निळं क्रीम लावा, त्याच्या वर पांढरं. मग स्क्रॅपर उभा धरून केक एका दमात गोल फिरवा. टर्नटेबल नसेल तर उलट्या वाडग्यावर ताट ठेवूनही जमतं. दोन रंगांची सीमा आपोआप एकमेकांत मिसळते. दोन-तीन फेऱ्यांत थांबा, आणखी फिरवलं तर सगळंच फिकट निळं होऊन बर्फ हरवतो. वरचा पृष्ठभाग घोटू नका. चमच्याची पाठ टेकवून उचला, छोटी टोकं उभी राहतील आणि वाऱ्याने साचलेल्या बर्फाचा भास होईल.

झाडं आणि स्नोमॅन

आइस्क्रीमचे टोकदार कोन उलटे ठेवले की देवदार तयार. तीन घ्या आणि रुंद बाजूने कापून वेगवेगळ्या उंचीचे करा. क्रीमच्या ओलाव्याने कोन मऊ पडतो, म्हणून त्याला आतून-बाहेरून वितळलेल्या कम्पाउंडचा हात द्या. हिरव्या क्रीममध्ये चिमूटभर कोको घाला, म्हणजे पोपटी झाक जाऊन रानातला हिरवा येतो. छोट्या स्टार नोझलने तळापासून वर जात क्रीमचे तुरे काढा. झाडं एका कडेला एकत्र ठेवा आणि बाकीचा केक मोकळा सोडा. रिकामा पांढरा भागच या केकला हिवाळा देतो, तिथे काही ठेवण्याचा मोह आवरा.

स्नोमॅनसाठी एक कप डेसिकेटेड कोकोनट आणि साधारण पाव कप कंडेन्स्ड मिल्क मंद आचेवर पाचेक मिनिटं परतून दोन लाडू वळा, एक मोठा, एक लहान, आणि कोरड्या खोबऱ्यात घोळवा. डोळ्यांना चॉकलेटचे ठिपके, नाकाला गाजराचा कोवळा तुकडा. लाडू एकमेकांवर टिकवायला टूथपिक टोचू नका, न शिजवलेल्या स्पॅगेटीची काडी वापरा. मुलांनी सरळ घास घेतला तरी भीती नाही.

बर्फ म्हणून बारीक डेसिकेटेड कोकोनट चाळणीतून वरून सोडा, झाडांच्या शेंड्यांवर आणि खालच्या बोर्डवरही. पिठीसाखर क्रीममधलं पाणी ओढून काही मिनिटांत दिसेनाशी होते. ओलं खोबरं तर अजिबात नको, लवकर आंबतं. चमकी घालायची असेल तर डब्यावर ‘एडिबल’ असं स्पष्ट लिहिलेलं बघा. फक्त ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली चमकी खाण्यासाठी नसते.

स्नोफ्लेक आणि नाव पाहुणे यायच्या तासभर आधी लावा.

पुण्या-नाशिकच्या थंडीत हा केक टेबलावर निवांत राहतो. मुंबई, कोकण, गोव्याकडे मात्र डिसेंबरातही दुपारी पारा तिशीपार जातो, तेव्हा तो औक्षण झाल्यावरच फ्रिजबाहेर काढा. कापताना झाडं आणि स्नोमॅन आधी उचलून ठेवा, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा, म्हणजे लाल-पांढरे थर स्वच्छ दिसतात. उरलेला केक झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि ताज्या स्ट्रॉबेरीमुळे दोन दिवसांत संपवा.