‘चालशे’च्या भरवशावर चार्जर लावू नका

बडोद्याला नव्यानं आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यात जे गुजराती शब्द आपोआप येतात, त्यांत ‘चालशे’ अगदी वर असतो. सुटे नाहीत? चालशे. भाडं चार दिवस उशिरा? चालशे. शब्द गोड आहे, आणि इथल्या माणसांचा मोकळेपणाही त्यात आहे. फक्त विजेच्या सामानाच्या दुकानात तो कानावर पडला की मी सावध होतो. त्याचं कारण सांगतो, कारण तुमच्याही घरी आज ना उद्या ही वेळ येणार आहे.

मी १९९९ साली मिरजेहून मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात नोकरीला आलो. आधी दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात खोली, आता मांजलपुरात फ्लॅट. या शहरात तुमचं स्वतःचं कोणी अमेरिकेत नसलं तरी शेजाऱ्यांचं असतंच. डिसेंबर लागला की ती मंडळी येतात, उत्तरायणाचे पतंग उडवून परत जातात, आणि मागे राहतात चॉकलेटं, बदाम आणि पोरांसाठी आणलेला एखादा हातात धरून खेळायचा गेम. सोबत चपट्या पिनांचा अडॅप्टर.

आमच्याकडे असा गेम २००८ च्या जानेवारीत आला. बहिणीनं माझ्या मुलासाठी न्यू जर्सीहून आणलेला, दोन पडद्यांचा, डबीसारखा मिटणारा. चपट्या पिना आमच्या सॉकेटात जाईनात, म्हणून कोपऱ्यावरून कन्व्हर्जन प्लग आणला. दुकानदाराला विचारलंही होतं, अमेरिकेचा आहे, लावू ना? तो म्हणाला, ‘पिन बेसी जाय एटले चालशे.’ पिन बसली. दोन-तीन मिनिटं काळा ठोकळा मुकाट राहिला, मग गरम व्हायला लागला, मग जळक्या वार्निशचा वास, आणि आतून ‘फट्’. नशिबानं गेम वाचला, अडॅप्टर गेला. पोरगं रडत होतं आणि मी आईचं भिंग घेऊन ठोकळ्याची पाठ वाचत होतो. काळ्यावर काळ्या उठावाच्या अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं: इनपुट १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

आपल्याकडे घरात येते ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२०, जपानात तर १००. जुन्या जड ठोकळ्यांत तांब्याच्या तारेचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो १२० साठी गुंडाळलेला असला आणि त्याला जवळपास दुप्पट दाब दिला, तर नको तेवढा करंट ओढून तो स्वतःलाच जाळून घेतो. कन्व्हर्जन प्लग पिनांचा आकार बदलतो, बास. वीज तीच राहते. दुबईहून किंवा लंडनहून आणलेल्या तीन चौकोनी पिनांच्या अडॅप्टरला मात्र तो प्लग पुरतो, कारण तिथला दाब आपल्यासारखाच आहे.

नव्या फ्लॅटवाल्यांनी जास्त जपायला हवं. गोत्रीकडच्या नव्या बिल्डिंगांत जी युनिव्हर्सल सॉकेटं बसवतात, त्यांत चपट्या पिना थेट जातात. आम्हाला निदान दुकानापर्यंत जावं लागलं होतं, तेवढ्यात शहाणपण सुचायची शक्यता तरी होती.

तर अडॅप्टर हातात आला की आधी उलटा करायचा. अक्षरं दिसत नसली तर फोननं फोटो काढून मोठा करा. ‘इनपुट’पुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर तो जगात कुठेही चालतो. हल्लीचे बहुतेक तसेच असतात, त्यांना फक्त चांगला प्लग लागतो. नुसतं १०० किंवा १२० लिहिलं असेल तर तो अडॅप्टर पुन्हा पेटीत ठेवा. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण एवढ्याशा खेळण्यासाठी ते जड धूड कशाला? त्याच आउटपुटचा इथला अडॅप्टर घ्या.

खरी गोम आउटपुटमध्ये आहे. तिथे तीन गोष्टी जुळवायच्या. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त, कारण यंत्र आपल्याला हवा तेवढाच करंट घेतं. दोन अँपिअरच्या चार्जरनं अर्ध्या अँपिअरचं यंत्र जळत नाही. उलट केलं तर चार्जर तापतो. तिसरी गोष्ट लोक विसरतात: गोल पिन असेल तर तिचं आतलं टोक धन की ऋण? लेबलवर मध्ये एक ठिपका, भोवती अर्धवट गोल आणि दोन्हीकडे अधिक-उण्याची चिन्हं असतात, ती यंत्राच्या पाठीवरच्या चित्राशी ताडून पाहा. सोनीच्या पीएसपीला पाच व्होल्ट लागतात आणि आतलं टोक धन असतं. निन्टेन्डोच्या पहिल्या गेम बॉयला सहा व्होल्ट आणि आतलं टोक ऋण. दोन्ही गोलच पिना, पण एकाची दुसऱ्याला लावलीत तर काय होईल ते सांगायला नको.

माझी दुसरी चूक इथेच व्हायची होती. जळलेल्या अडॅप्टरच्या जागी मला एकानं सरकत्या बटणाचा, तीनपासून बारा व्होल्टपर्यंतचा, सहा टोकांचा अडॅप्टर दिला. ‘बधामां चालशे,’ म्हणजे सगळ्यांत चालेल. कारखान्यातला मल्टिमीटर त्या दिवशी पिशवीत होता म्हणून बरं. बटण सहावर ठेवून मोजलं, काटा नऊच्या पुढे. स्वस्त ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरचं असंच असतं: भार नसला की व्होल्ट चढतात, आणि चार्जिंग संपत आलं की भार कमीच असतो. रेडिओला ते खपतं, लिथियम बॅटरीच्या यंत्राला नाही. साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत येतो. नव्या घरात बादली-मग घेताना तोही घ्या.

सी टाइपचं प्रकरण वेगळं. तिथे चार्जर आणि यंत्र आधी आपसांत बोलतात, मग व्होल्ट ठरतात; बोलणं झालं नाही तर पाचच्या वर जात नाही. म्हणून पंचेचाळीस किंवा पासष्ट वॉटचा चांगला लॅपटॉप चार्जर छोट्या गेमला लावायला भ्यायचं कारण नाही. निन्टेन्डो स्विचचा स्वतःचा अडॅप्टर १५ व्होल्ट, २.६ अँपिअर देतो. फोनचा चार्जर लावला तर स्विच भरतो, पण रडतखडत, आणि खेळता खेळता लावलात तर कधी कधी उतरतच जातो. स्टीम डेक नावाच्या गेमला ४५ वॉट लागतात. याउलट चिनी बनावटीचे काही स्वस्त जुन्या धाटणीचे गेम दोन्हीकडे सी असलेल्या केबलनं भरतच नाहीत. बिघडले म्हणून परत पाठवू नका. कंपनीनं पैसे वाचवायला आत दोन बारके रेझिस्टर घातलेले नसतात, त्यामुळे चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही. साधा चौकोनी यूएसबी तोंडाचा पाच व्होल्टचा चार्जर आणि त्याची केबल लावा, भरायला लागतो.

इथे खरेदीला मरीमातानो खांचो आहे, मोबाइलच्या सामानाची गल्लीच आहे ती. जाताना यंत्र बरोबर न्या आणि चार्जरवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण व ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कोणाच्या नावाचा आहे ते तिथेच दिसतं. दुकानदार जरा हसेल, हसू दे.

आता घराकडे. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांत तीन भोकांचं सॉकेट असलं तरी मागे अर्थिंगची तार असेलच असं नाही. चार्जरवर चौकोनात चौकोन असेल तर त्याला अर्थिंग लागत नाही, पण फ्रीज-गीझरला लागतं, तेव्हा इलेक्ट्रिशियनला एकदा दाखवाच. तळमजला घेताना घरमालकाला स्पष्ट विचारा, २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? विश्वामित्री नदीचं पाणी आलं की बातम्या मगरींच्या होतात, पण सॉकेटांत शिरलेला गाळ कोणी दाखवत नाही. नंतर वरून रंग मारलेला असतो. अशा घरातले स्विचबोर्ड उघडून पाहिल्याशिवाय काहीही लावू नका. आणि वीज गेली की चार्जर काढून ठेवा, परत आल्यावर पाच मिनिटांनी लावा. जुने लोक अजून ‘जीईबीची लाइट’ म्हणतात, म्हणजे जुन्या गुजरात वीज मंडळाची; बिल मात्र एमजीव्हीसीएल या वीज कंपनीचं येतं.

मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. लिथियम बॅटरी पंचेचाळीसच्या वर भरू नये, आणि उन्हाच्या खिडकीत किंवा उशीखाली तेवढं तापमान सहज होतं. थंड फरशीवर ठेवून भरा. महिनोन्‌महिने पेटीत पडून असलेला गेम पहिल्यांदा लावाल तेव्हा अर्धा तास समोर बसा. झाकण फुगल्यासारखं किंवा मेजावर ठेवल्यावर डुगडुगतंय असं वाटलं तर चार्जर लगेच काढा, दाबून बसवायला जाऊ नका.

या डिसेंबरात कोणी येणार असेल तर आत्ताच निरोप पाठवा: पेटी उघड, अडॅप्टरच्या पाठीचा फोटो काढ आणि पाठव. १०० ते २४० नसेल तर तो तिकडेच राहू दे, नुसता गेम आणि केबल आण. आणि गेम हातातल्या बॅगेत ठेव, सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही.