छातीत बसतो, तर खांदे लोंबतात: फुकटच्या पॅटर्नचा टॉप अंगावर कसा बसवला

इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतलेल्या पॅटर्नवर (कापड कापायचा कागदी साचा) मी दोन टॉप वाया घालवले. छातीच्या मापाने साइझ निवडला की छातीत बसे, पण खांदे लोंबत आणि वाकलं की गळा उघडा पडे.

बरेचसे पॅटर्न छाती आणि वरची छाती (काखेखालून, स्तनांच्या वरून टेप फिरवायची) यांत साधारण २ इंच फरक धरून आखतात. माझा फरक ५ इंच. म्हणून या वेळी साइझ वरच्या छातीवरून घेतला, ४२ इंच; म्हणजे पॅटर्नची छाती ४४, माझी ४७. खांदे, गळा, मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) लगेच जागेवर! उरलेले ३ इंच फक्त पुढच्या भागात वाढवायचे, म्हणजे अर्ध्या पॅटर्नवर दीड इंच. खालच्या कडेपासून छातीच्या टोकापर्यंत, तिथून मुंढ्याच्या शिलाईरेषेपर्यंत कागद कापला. बाजूच्या टक्सच्या (आकारासाठी शिवलेली टोकदार चुण) मधूनही एक काप दिला. मग टोकाशी दीड इंच फाकवून मागून कागद चिकटवला. टक्स मोठा होतो. होऊ दे, आकार तोच देतो. खालची कड मात्र सरळ करून घ्यावी लागते.

आधी जुन्या चादरीवर शिवून पाहिलं. आणि हो, प्रिंट १०० टक्क्यांवरच काढा. माप बरोबर छापलं का हे पाहायला पॅटर्नवर चाचणीचा चौकोन असतो, पहिल्यांदा तो मोजायचा मी आळस केला होता.

बाही अजून दंडाला घट्ट आहे, ती पुढच्या वेळी.