सेव्हियात तापास-सांग्रियाची फूड टूर कशी करावी

सेव्हियात (दक्षिण स्पेनमधलं शहर, आपल्या ट्रॅव्हल कंपन्यांच्या पत्रकावरचं सेव्हिल) तीन-चार दिवस राहणार असाल, तर फूड टूर पहिल्याच संध्याकाळी घ्या. आम्ही ती शेवटच्या संध्याकाळी घेतली. पहिल्या बारमध्ये गाइडने दहा मिनिटांत जे समजावलं ते ऐकून आई मला म्हणाली, "हे आधी कळलं असतं तर तीन दिवस चीज सँडविच गिळलं असतं का गं?" तीन-साडेतीन तासांत चार-पाच बार फिरवणारी ही टूर स्वस्त नसते. पण कुठे उभं राहायचं, कसं मागायचं आणि काय मागायचं नाही, एवढं तिथे शिकून घेतलं की पुढचे सगळे दिवस आपले आपण निभावतो.

बुक करण्याआधी

तापास म्हणजे ड्रिंकबरोबर खायच्या छोट्या बशा (एक असेल तर तापा), पण स्पेनभर ते सारखे नसतात. ग्रनादात ड्रिंक मागवलं की सोबत एक तापा फुकट येतो. उत्तरेला सान सेबास्तियानमध्ये पावाच्या तुकड्यावर रचलेले, काडी टोचलेले पिंचो काउंटरवर मांडून ठेवलेले असतात. सेव्हियात तापा मागवावा लागतो आणि त्याचे साधारण ३ ते ५ युरो पडतात. ग्रनादाची कीर्ती ऐकून सेव्हियात फुकटच्या बशीची वाट बघणारे पर्यटक मी स्वतः पाहिलेत. त्यात एक दिवस आम्हीही होतो.

टूरवाल्यांना मेल करून एवढं विचाराच: ग्रुपमध्ये जास्तीत जास्त किती माणसं? दहाच्या वर असतील तर सोडा, कारण तिथले जुने बार आपल्या इराण्याच्या निम्मेही नसतात. पोटभर खाणं आहे की नुसती चव? किती ड्रिंक धरलेत आणि दारू न घेणाऱ्याला बदली काय? 'टूर, फ्लामेंको आणि सांग्रिया (फळं घालून मुरवलेली गार वाइन) एकाच पॅकेजात' अशा जाहिरातींपासून मी तरी लांब राहीन. फ्लामेंकोला, म्हणजे तिथल्या नाच-गाण्याला, स्वतंत्र संध्याकाळ द्यावी, हातात बशी घेऊन ते बघू नये.

महिना बघून जा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि ऑगस्टमध्ये कितीतरी बार सुट्टीवर असतात. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आणि त्यानंतरची एप्रिलची जत्रा या काळात शहर बघायला सुंदर असतं, पण बारमध्ये पाय ठेवायला जागा नसते. रविवारी संध्याकाळीही बरेच बार बंद असतात.

शाकाहारी असाल तर

हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण आमची टूर इथेच फसता फसता राहिली.

'व्हेजिटेरियन' एवढंच लिहून भागत नाही. बुकिंग करतानाच स्पष्ट लिहा: मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही, मांसाचं स्टॉकही नाही. अंडं चालतं का, तेही लिहा, कारण तिथल्या शाकाहारी पदार्थांचा राजा म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया. हॅम वेगळं सांगायचं कारण असं की पुष्कळ वेटरांच्या लेखी 'कार्ने' म्हणजे मटणासारखं मांस. वरून भुरभुरवलेलं 'खामोन', म्हणजे हॅम, त्यांच्या हिशेबात जवळजवळ कोथिंबिरीसारखं असतं. तिसऱ्या बारमध्ये आईच्या पुढ्यात साल्मोरेखो आलं. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून केलेलं हे गार, दाट सूप मूळचं कोर्दोबाचं. आणि त्यावर हॅमचे लाल चुरे! गाइडला बुकिंगमधली आमची टीप पोचलीच नव्हती. बिचारीने धावत जाऊन दुसरी वाटी आणली.

म्हणून ही वाक्यं पाठ असू द्या. 'सोय बेखेतारियाना' म्हणजे मी शाकाहारी आहे. पुरुषांनी शेवटी 'नो' म्हणायचं. 'सिन' म्हणजे शिवाय: सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो (मासे), सिन आतून. हे शेवटचं आपल्याला विसरणं अवघड. 'आतून' म्हणजे ट्यूना मासा, आणि तो खरोखरच आतून निघतो, विशेषतः 'एन्सालादिया रुसा' नावाच्या निरागस दिसणाऱ्या बटाट्याच्या सॅलडमधून. क्रोकेतास (तळलेले छोटे रोल) बहुधा हॅमचे असतात, तेव्हा विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. तळणीचं तेल माशांचं आणि भाज्यांचं एकच असू शकतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी तळलेलं सगळंच वगळावं. चीजमध्येही बरेचदा जनावराच्या जठरातलं, दूध विरजवणारं रेनेट असतं. मात्र एस्त्रेमादुरा भागातलं तोर्ता देल कासार हे मेंढीच्या दुधाचं मऊ चीज एका काटेरी रानफुलाच्या अर्काने विरजतात, ते मिळालं तर सोडू नका.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी तीन शब्द: तेर्नेरा, बाका आणि राबो दे तोरो. यातला शेवटचा म्हणजे बैलाची शेपटी, आणि तो त्या भागातला मानाचा पदार्थ असल्याने गाइड तो कौतुकाने पुढे करतो.

आता चांगली बातमी. सेव्हियाचा सगळ्यात घरगुती तापा शाकाहारी आहे: 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस', पालक आणि काबुली चणे. छोटी मातीची बशी, हिरवट-तपकिरी दाट भाजी, वर तळलेल्या पावाचा तुकडा. आईने एक चमचा घेतला आणि चमचा तसाच हातात धरून म्हणाली, "जिरं आहे यात. आणि वाटण लावलंय." अगदी बरोबर. लसूण आणि पाव ऑलिव्ह तेलात तळून जिऱ्याबरोबर खलबत्त्यात कुटतात, त्यात तिखट-गोड पिमेंतोन म्हणजे लाल मिरचीची पूड आणि थोडा व्हिनेगर घालतात, आणि भाजीला दाटपणा येतो तो त्यानेच. पाककृती न विचारता आईने ती चवीवरून ओळखली, तेव्हा गाइडच चकित झाली. पातळभाजीला बेसन लावणाऱ्या बाईला यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं.

बटाटा तर आपला शब्दासकट. दक्षिण अमेरिकेतून स्पॅनिश लोकांनी आणलेलं हे कंदमूळ तिकडे 'पाताता' झालं, आणि आपण 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांकडून घेतला. झणझणीत म्हणून दिल्या जाणाऱ्या 'पातातास ब्राव्हास' मात्र आपल्याला बेताच्याच वाटतील.

पोट रिकामं, पाय तयार

सेव्हियात दुपारचं जेवण २ ते ४ आणि रात्रीचं ९ नंतर. संध्याकाळची टूर ७-८ वाजता सुरू होते, म्हणून दुपारी हलकं खा. पण अगदी उपाशीपोटी जाऊ नका, पहिल्या थांब्यावर वाइनच हातात येते. चपला सपाट हव्यात. जुन्या भागात दगडी फरशा आहेत आणि बारमध्ये बहुतेक वेळ उभंच राहायचं असतं.

बारमध्ये शिरल्यावर

काउंटर म्हणजे 'बारा'. तिथे कोपर टेकवायला जागा मिळाली की ती सोडायची नाही. बाहेरच्या टेबलांवर तीच बशी महाग पडू शकते आणि कधी कधी तिथे तापा मिळतच नाही, मोठी प्लेटच घ्यावी लागते. मापं तीन: तापा म्हणजे चार-पाच घास, मेदिया रासियोन म्हणजे अर्धी प्लेट, रासियोन म्हणजे पूर्ण. एका बारमध्ये एक किंवा दोन बशा, एक ड्रिंक आणि पुढे, ही तिथली रीत. सगळं एकदम मागवून टेबल भरून टाकायची आपली सवय बाजूला ठेवा. प्रत्येक बारचा एखादाच पदार्थ नावाजलेला असतो, बाकी यादी भरतीची. तो एक कोणता, हे गाइडला प्रत्येक ठिकाणी विचारा आणि फोनमध्ये टिपून ठेवा. बशीबरोबर येणाऱ्या पावाच्या कुरकुरीत कांड्यांना 'पिकोस' म्हणतात, त्यांचे वेगळे पैसे लागले तर चकित होऊ नका.

छताला ओळीने टांगलेल्या हॅमच्या तंगड्या दिसतील. प्रत्येकीच्या खाली छत्रीसारखी एक छोटी पांढरी वाटी खोचलेली असते. उकाड्याने वितळणारी चरबी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडू नये म्हणून ती. हॅम खाणाऱ्यांनी तंगडीवरच्या पट्टीचा रंग बघावा. २०१४ पासून तो नियमाने ठरलेला आहे. काळी पट्टी म्हणजे शंभर टक्के इबेरियन जातीचं, ओकची फळं खाऊन वाढलेलं डुक्कर. लाल म्हणजे तीच फळं पण संकर. हिरवी आणि पांढरी त्याखालच्या. टूरमध्ये 'उत्तम हॅम' म्हटलं असेल तर कोणती पट्टी, हा प्रश्न खुशाल विचारा.

चव घेताना गार आणि खारटपासून सुरुवात करा: ऑलिव्ह, साल्मोरेखो, मग चीज, शेवटी गरम आणि रश्श्याचे पदार्थ. पहिल्या बशीबरोबर फिनो किंवा मान्सानिया घ्या. या फिकट, कोरड्या (म्हणजे गोड नसलेल्या) शेरी. पिंपात वाइनवर यीस्टचा साय धरल्यासारखा थर येतो, त्याने ती हवेपासून झाकली जाते आणि तिला बदामासारखी, किंचित खारट चव येते. अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून पेला छोटा. आणि एक गंमत: मान्सानिया हे सेव्हियाच्या ऑलिव्हच्या एका जातीचंही नाव आहे आणि कॅमोमाइलच्या चहाचंही. तेव्हा मागताना 'कोपा दे मान्सानिया' म्हणा, नाहीतर पोटदुखीवरचा काढा पुढ्यात येईल.

'तापा' म्हणजे झाकण. कुठल्याशा राजाच्या पेल्यावर धूळ पडू नये म्हणून हॅमचा तुकडा झाकला, अशी गोष्ट गाइड सांगेलच. दर गाइडगणिक राजा बदलतो. ऐकून घ्यावी.

सांग्रिया

स्पॅनिश माणूस रोज सांग्रिया पीत नाही. ती घरच्या समारंभाची, उन्हाळी सहलीची, आणि बारमध्ये मुख्यतः पाहुण्यांची. जगभर तिचं नाव झालं ते १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यातल्या स्पेनच्या दालनानंतर. नाव 'सांग्रे', म्हणजे रक्त, यावरून. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार नुसतं 'सांग्रिया' या नावाने विकायची तर ती स्पेन किंवा पोर्तुगालमध्येच बनलेली हवी, निम्मी तरी वाइन हवी आणि अल्कोहोल साडेचार ते बारा टक्क्यांच्या दरम्यान हवं.

टूरमध्ये सांग्रिया डोळ्यांदेखत बनवणार असतील तर उत्तम, नळातून किंवा बाटलीतून येणार असेल तर एका पेल्यावर थांबा. जगमधली फळं बघा. संत्र्याच्या चकत्या आणि पीचचे तुकडे वाइनने रंगून मऊ पडले असतील तर ती काही तास मुरलेली आहे. फळं कोरी करकरीत असतील तर आत्ता टाकलीत. पहिला घोट बर्फ विरघळायच्या आत घ्या. आधी वाइन लागली पाहिजे, मग संत्र्याच्या सालीचा किंचित कडवटपणा, साखर सगळ्यात शेवटी. फक्त गोड लागली तर वाइन हलकी आहे. आत ब्रँडी किंवा संत्र्याचं लिकर असू शकतं, आणि गारव्यात, गोडव्यात ते कळत नाही. सरबतासारखी ढोसू नका. फळं खायची असतात, पण दारू त्यांनीही प्यायलेली असते, हे मुलांच्या हाती चमचा देण्याआधी लक्षात असू द्या.

त्यानंतर 'तिंतो दे वेरानो' मागा. उन्हाळ्यात सेव्हियाची मंडळी हेच पितात: साधी लाल वाइन, तितकाच सौम्य गोड सोडा किंवा लिंबू सोडा, बर्फ, लिंबाची चकती. मला सांग्रियापेक्षा हेच आवडलं. न पिणाऱ्यांनी 'सेर्वेसा सिन' मागावी, बिनअल्कोहोल बिअर तिथे सर्रास मिळते. साधं पाणी 'आग्वा देल ग्रिफो'. २०२२ च्या कायद्याने हॉटेल-बारना ते फुकट द्यावंच लागतं.

घरी करायची तर नाशिकच्या कुठल्याही ताज्या लाल वाइनच्या एका बाटलीला एक संत्रं, एक लिंबू, एक सफरचंद, दोन चमचे साखर, अर्धा पेग ब्रँडी आणि दालचिनीचा तुकडा. चार तास फ्रिजमध्ये. सोडा पितानाच घाला, आधी नाही.

दुसऱ्या दिवशी, एकटे

टूर संपताना गाइडकडून दोन-तीन नावं लिहून घ्या आणि दुसऱ्या संध्याकाळी आपले आपण जा. आम्हाला दुसरी संध्याकाळ नव्हती, म्हणून परतीच्या दिवशी दुपारी 'एल रिनकोन्सियो'त गेलो. १६७० पासूनचा हा बार. लाकडी काउंटरवर आम्ही कोपरं टेकवली. आईने स्वतःच मागितलं, "एस्पिनाकास. सिन खामोन." त्यात हॅम नसतंच, पण तिला खात्री करायची होती. बारवाल्याने मान डोलावली, कानामागचा खडू काढला आणि आमच्या बशीशेजारी लाकडावरच आकडा लिहिला. आणखी एक बशी आली, खाली दुसरा आकडा. शेवटी 'ला क्वेन्ता, पोर फावोर' म्हटल्यावर त्याने उभी बेरीज मांडली, आम्ही पैसे दिले, आणि त्याने ओल्या फडक्याने हिशेब पुसून टाकला.